बीसीएए आणि इन्शुलिन रेझिस्टन्स: कारण कोण, परिणाम कोण?

शुभ्रा_क
काल एकाने इथे लिहिलं, "वजन उतरवताना जास्त प्रोटीन म्हणजे मधुमेहाला आवतण. बीसीएए वाढलं की इन्शुलिन चालेनासं होतं, हे सिद्ध झालंय." (बीसीएए म्हणजे प्रथिनांतली तीन अमिनो आम्लं.) ते वाचून माझ्या सासूबाईंनी प्रोटीनचं नावच टाकलंय. वय ६८, सहा महिन्यांत नऊ किलो उतरलं, आणि आता खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. म्हणून सविस्तर लिहिते.

स्थूल माणसांच्या रक्तात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, म्हणजेच बीसीएए, जास्त असतात हे संशोधक फेलिग यांनी १९६९ मध्येच दाखवलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या २०११ च्या अभ्यासात ही तीन, शिवाय टायरोसिन आणि फिनाइलअलानिन ही आणखी दोन अमिनो आम्लं ज्यांच्यात जास्त, त्यांना पुढच्या १२ वर्षांत मधुमेहाचा धोका अधिक निघाला. मान्य. पण इन्शुलिनचा जोर कमी पडला (हाच इन्शुलिन रेझिस्टन्स) की स्नायूंतल्या प्रथिनांची मोडतोड नीट आवरत नाही, यकृत आणि चरबीच्या पेशी ही आम्लं कमी जाळतात, आणि ती रक्तात साचतात. अंगण ओलं झालं म्हणून पाऊस आला, असं म्हणायचं का?

निरभ्र
ते मीच लिहिलं आणि मागे घेणार नाही. २०१६ चा प्रयोग बघा. रजोनिवृत्तीनंतरच्या ३४ स्थूल बायका. वजन उतरवणाऱ्या दोन गटांपैकी एकाला किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिन, दुसऱ्याला १.२. दोन्हीकडे १०% वजन उतरलं, पण इन्शुलिनला स्नायूंचा प्रतिसाद फक्त पहिल्या गटात सुधारला. इथे कुठलं ओलं अंगण? माझ्या वडिलांचा पाय मधुमेहाने गेला. मला हे वादासाठी लिहायची हौस नाही.

शुभ्रा_क
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण प्रयोग अर्धाच सांगू नका. १.२ वाल्यांचे स्नायू कमी झिजले, हेही त्यातच आहे. आणि त्या बायकांना मधुमेह नव्हता. त्यावरून सरसकट सगळ्यांना घाबरवायचं?

पायरी_पायरी
तुम्ही दोघं आम्लं मोजत बसा, इथे साधं उपाशीपोटीचं इन्शुलिन कुणी तपासत नाही! चार वर्षं माझी साखर नॉर्मल, डॉक्टर म्हणत राहिले काही नाही. शेवटी हट्टाने इन्शुलिन केलं. साखर ९२, इन्शुलिन २४. गुणून ४०५ ने भागा, होमा, म्हणजे इन्शुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा, जवळजवळ साडेपाच! चार वर्षं वाया गेली माझी.

लॅबवाली
अकरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे म्हणून सांगते. इन्शुलिनचे आकडे एका किटचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. रक्तपेशी फुटलेल्या नमुन्यात इन्शुलिन खोटं कमी येतं. एका आकड्यावर आयुष्य ठरवू नका.

पायरी_पायरी
म्हणजे मोजूच नये? हेच ऐकत आलो चार वर्षं! माझी कंबर वाढत होती, मानेवर काळे चट्टे आले होते, आणि प्रत्येकाने साखरेचा कागद पुढे केला.

लॅबवाली
मोजू नका असं मी कुठे म्हटलं? त्याच लॅबमध्ये, तितकेच तास उपाशी राहून, पुन्हा मोजा. मानेवरचे चट्टे असताना कुणी लक्ष दिलं नाही, ती चूकच. मात्र कडक उपासाच्या दोन-तीन दिवसांत यातलं काहीच तपासू नका. तेव्हा बीसीएएसुद्धा रक्तात तात्पुरतं वाढतं, तेही वजन उतरत असताना.

निरभ्र
मूळ मुद्द्यावर या. २०११ मध्ये वजन उतरवायला जठराचं बायपास ऑपरेशन केलेले आणि नुसतं डाएट केलेले तपासले. दोघांचं सुमारे १० किलो उतरलेलं, पण बीसीएए बायपासवाल्यांचं जास्त घटलं. नुसत्या वजनाने सगळं ठरत नाही.

शुभ्रा_क
आणि २०१३ मध्ये बायपास आणि बँड (जठराभोवती पट्टा बसवणं), दोन्हींनी २०% वजन उतरवल्यावर बीसीएए सारखंच घटलं. जनुकांचे अभ्यासही दोन्ही बाजूंनी बोलतात: २०१६ चा म्हणतो बीसीएएमुळे मधुमेह, २०१७ चा म्हणतो इन्शुलिन रेझिस्टन्समुळे बीसीएए. मग "सिद्ध झालंय" कशाच्या जोरावर?

निरभ्र
ठीक, "सिद्ध" हा शब्द जास्त झाला. तेवढाच मागे घेतो. पण पोटभर जेवणाऱ्या माणसाने वर पावडरी ढोसाव्यात, हे मला आजही पटत नाही.

शुभ्रा_क
पावडरीचं मी एका अक्षराने बोलले नाही. सासूबाईंना फक्त ताटातलं प्रथिन परत हवंय आणि रोज दहा वेळा खुर्चीतून उठण्याचा व्यायाम. तुमची ती पोस्ट दुरुस्त करा, मी त्यांना आजच वाचून दाखवते.

पायरी_पायरी
लॅबवाली, बारा तास की दहा तास उपाशी राहू? सोमवारी पुन्हा करतोय.