बारावीच्या इंग्रजीत अदृश्य माणूस: तुमचे अनुभव लिहा

सीबीएसईला २०१५-१६ मध्ये बारावीत असलेल्यांना आठवत असेल, इंग्रजीला एच. जी. वेल्सची 'द इनव्हिजिबल मॅन' होती. १८९७ सालची अख्खी कादंबरी. प्रवेश परीक्षांच्या धबडग्यात माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी गाइडवर भागवलं. मी दोनदा वाचली, आणि शाळेतली तेवढी एकच गोष्ट अजून मनातून जात नाही. शाळेत विज्ञानकथा 'साहित्य' म्हणून शिकलेल्यांनी इथे लिहा. गोष्टीत काय होतं यापेक्षा वर्गात काय घडलं, ते वाचायला आवडेल.

नाशिक

कादंबरीतला अदृश्य माणूस ग्रिफिन डॉक्टर केम्पला सांगतो, काचेचा चुरा हवेत पांढरा दिसतो, पाण्यात टाकला की जवळजवळ नाहीसा होतो. तिथे आमच्या मॅडम थांबल्या. "खरं की खोटं, ते आपण बघूनच येऊ." प्रयोगशाळेतल्या काकांनी बीकरमध्ये ग्लिसरीन ओतलं, परीक्षानळीतही भरलं आणि नळी आत सोडली. बुडालेला भाग दिसेनासा झाला! काच आणि ग्लिसरीन, दोन्हींचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) साधारण १.४७. मग एकाने विचारलं, "मॅडम, त्याच्या डोळ्यातला पडदाही पारदर्शक, मग त्याला दिसतं कसं?" पुढचा अख्खा तास त्यावर गेला. इंग्रजीच्या तासाला एवढं भांडण मी आधी पाहिलं नव्हतं.

नागपूर

मला जन्मापासून अल्बिनिझम आहे, म्हणजे त्वचा, केस, डोळे यांत रंगद्रव्य फार कमी. वर्गात मला 'इंग्रज' म्हणायचे.

ग्रिफिनचं वर्णन मोठ्याने वाचायची पाळी मागच्या बाकावरच्या मुलाची होती: जवळजवळ अल्बिनो, सहा फूट उंच, गुलाबी-पांढरा चेहरा, लाल डोळे. वर्गात खसखस पिकली. मी पहिल्या बाकावर, कारण फळा मला तिथूनच जेमतेम दिसायचा. मागे वळून बघितलं नाही. सरांनी "सायलेन्स" म्हणून पुढचा परिच्छेद घेतला.

घरी तेच प्रकरण पुस्तक नाकाला लावून पुन्हा वाचलं. रात्री एकटा असताना त्याला उमगतं की शरीरातले रंग सोडले तर बाकी सगळं पारदर्शक करता येईल, आणि आपल्यात रंग तर मुळातच कमी. ज्यापायी मी उन्हात तोंड झाकून हिंडायचो, तेच या माणसाचं भांडवल. माझ्यासारखा दिसणारा माणूस गोष्टीचा नायक असल्याचं मी पहिल्यांदाच वाचत होतो, आणि तो खुनी निघाला. दोन्ही एकदम पचवणं जड गेलं.

'ग्रिफिन खलनायक की बळी?' याला गाइडमध्ये आठ ओळींचं उत्तर होतं. मी चार पानं लिहिली. त्याने वडिलांकडचे पैसे चोरले, ते पैसे दुसऱ्याचे होते, वडिलांनी स्वतःवर गोळी झाडली, आणि अंत्यविधीला जाऊनही याला वाईट वाटलं नाही. हे त्याच्या कातडीमुळे झालं नाही, असं मी शेवटी लिहिलं. सरांनी ती पानं नाव न घेता वर्गात वाचली. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

राज्य मंडळ, सोलापूर जिल्हा

आम्हाला अशी कादंबरी नव्हती. पण ऑफ तासाला बाई नारळीकरांच्या कथा वाचून दाखवायच्या. घंटा वाजली तरी कोणी उठायचं नाही.

मस्कत

अकरावीला 'द ॲडव्हेंचर' होता. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचं इंग्रजी रूप. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निसटते, आणि तिथून सगळा इतिहास वेगळा. मल्याळी टीचरना बखरीच्या उताऱ्यातला 'तिल' अडला. 'तिळाएवढ्या फरकाने जीव वाचला' म्हणजे नेमकं किती? मराठी मी एकटीच. दुसऱ्या दिवशी आईने पुडीत बांधून दिलेले तीळ बाकाबाकावर वाटले. मग सांगितलं, आमच्याकडे परीक्षेत नापास झालं तरी 'पानिपत झालं' म्हणतात, १७६१ अजून बोलण्यात आहे. टीचर म्हणाल्या, तूच शिकव पुढचं पान. बाबांनी त्या सुट्टीत मूळ कथा आणली. मराठीतलं मी आपणहून वाचलेलं ते पहिलं पुस्तक.

पुणे, निवृत्त शिक्षिका

नागपूरकर, ते वर्णन मीही तीन वर्षं वर्गात मोठ्याने वाचून घेतलं. वाचणाऱ्याचे उच्चार तपासायचे, हसू आलं तर थांबायचं, एवढंच पाहिलं. एका वर्षी खिडकीशी बसणारी एक मुलगी त्या तासानंतर आठवडाभर आली नव्हती. तिची आठवण आज आली. ती चार पानं तुम्ही जपून ठेवली असतील तर इथे टाकाल का?