चालणारा पीसी विंडोज ११ साठी भंगारात का घालायचा?

पीसीप्रेमी_ठाणे

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीच्या सिक्युरिटी अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून ओळखीतला जो तो एकच विचारतोय, नवा पीसी कुठला घेऊ. माझं स्पष्ट मत आहे की घरी वापरणाऱ्या बहुतेकांना नवा पीसी घ्यायची काडीचीही गरज नाहीये, आणि काही दुकानदार "आता हा चालणार नाही" असं सांगून जे गळ्यात मारतायत ते साफ चुकीचं आहे.

माझाच घ्या. २०१७ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून असेंबल केलेला, इंटेलचा आय ५ ७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ चालेल का ते बघायचं मायक्रोसॉफ्टचं ॲप चालवलं की लगेच नकार. का म्हणून बघायला गेलं तर बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलचं पीटीटी चालू केल्यावर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय दिसतंय, चालू होताना फेरफार झालेली सिस्टिम अडवणारं सिक्युअर बूट आहे, रॅम ४ जीबी लागते तिच्या दुप्पट आहे, जागा ६४ जीबी लागते ती भरपूर आहे. अडलंय कुठे, तर प्रोसेसर सातव्या पिढीचा आणि त्यांची यादी आठवीपासून सुरू. सातवी पिढी डेस्कटॉपवर आली जानेवारी २०१७ ला, विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ ला, म्हणजे पाच वर्षंही धड झाली नव्हती तेव्हाच हा प्रोसेसर बाद. एएमडीच्या रायझन प्रोसेसरची पहिली पिढीसुद्धा तशीच बाद. मशीन तेच, काम तेच, वेग तोच, आणि एका यादीवरून ते जुनं ठरवायचं हे मला अजिबात मान्य नाही.

मी हार्डडिस्क काढून तिच्याहून कितीतरी वेगवान एसएसडी टाकली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम चढवली. अख्ख्या पीसीच्या किमतीपुढे एसएसडीचा खर्च किरकोळ, आणि फरक इतका की आधी चालू करून चहा टाकायला जायचो, आता खुर्चीत बसेपर्यंत डेस्कटॉप समोर असतो. आई त्यावर यूट्यूब बघते, बँकेचं बघते, गावच्या जमिनीचा सातबारा काढते, सगळं ब्राउझरमध्ये चालतं, तिला खाली कुठली सिस्टिम आहे याने काही फरक पडत नाही. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट लेआउट आत आहेच, आयबस या टायपिंगच्या सोयीतून फोनेटिकही घेता येतं. पत्रं आणि हिशेबाला वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, फुकट.

आणि नवा पीसी घ्यायची ही वेळ तरी आहे का? २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठच्या कुठे गेलेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायचा सपाटा लावलाय, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. अशा बाजारात घरातला धडधाकट पीसी किलोच्या भावाने द्यायचा आणि महागातला नवा आणायचा? ज्यांना पटत नाही त्यांनी कारणं द्या, मला खरंच ऐकायची आहेत.

डीटीपीताई_सांगली

ब्राउझर आणि यूट्यूब एवढंच काम असेल तर तुमचं बरोबर आहे हो, पण घरच्या कॉम्प्युटरवर लोक पोटापाण्याचं कामही करतात हे तुम्ही धरलंच नाहीत. मी घरून लग्नपत्रिका, हँडबिलं, संस्थांचे वार्षिक अहवाल लावून देते. माझ्याकडे मराठी फाँटचं श्रीलिपी आहे, डिझाइनचं कोरलड्रॉ आहे आणि अजूनही पानं लावायचं पेजमेकर ७ आहे, जे २००१ सालचं सॉफ्टवेअर आहे आणि युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारी मराठी अक्षरांची पद्धत, त्याला कळतच नाही. तरी प्रेसवाले त्याच फाइल मागतात कारण त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचं सगळं त्यातच साठलेलं आहे. गेल्या वर्षीची पत्रिका उघडायची, नावं आणि मुहूर्त बदलायचा, प्रूफ द्यायचं, असा धंदा चालतो. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला आणि तिथे तो फाँट नसला की "श्री गणेशाय नमः" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. कन्व्हर्टर लावला तरी जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात, आणि मुलीच्या आजोबांचं नाव चुकलेली पत्रिका छापून गेली तर पैसे कोण देणार?

सरकारी कामाचं टायपिंग करणाऱ्यांचंही तेच, आयएसएम हे जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि सुरेख फाँट यांतल्या फाइलींचे ढीग आहेत. लिनक्स चांगलं असेल, माझ्या कामाचं नाही. मी कर्ज काढून का होईना विंडोज ११ चा पीसी घेईन, कारण एका लग्नसराईत तो वसूल होतो.

पीसीप्रेमी_ठाणे

@डीटीपीताई, तुमचं काम विंडोजशिवाय होणार नाही हे मान्य, मी "बहुतेकांना" म्हटलंय ते त्यासाठीच. पण तुम्हीच सांगा, पेजमेकर ७ ला विंडोज ११ तरी कशाला हवं? तुमचा सध्याचा पीसी विंडोज १० वरच ठेवा, त्याचं नेट काढून टाका, फाइल पेनड्राइव्हने प्रेसला द्या. व्हॉट्सॲप आणि मेलसाठी दुसरं काहीही चालेल. उलट नव्या विंडोजवर २००१ चं सॉफ्टवेअर नीट चालेलच याची खात्री तुम्हाला कोण देतंय?

रँकपुश

भावा गेमचं काय. वर १०५० टीआय लिहिलंयस म्हणजे खेळत असशीलच. व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम लिनक्सवर चालत नाही, विषय संपला. त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटर पकडणारं अँटीचीट, विंडोजच्या कर्नलमध्ये (अगदी गाभ्यात) बसतं आणि विंडोज ११ वर तर टीपीएम आणि सिक्युअर बूट बंद असेल तर गेम उघडूच देत नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स आधी चालायचं, २०२४ मध्ये त्यांनीच लिनक्स बंद केलं. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटीचीट आलं आणि तेही गेलं. आमच्या बिल्डिंगमधली सगळी पोरं रात्री व्हॅलोरंटवर भेटतात, त्यातली निम्मी शिकायला पुण्याला गेलीत, बोलणं तिथेच होतं, मी काय त्यांना सांगू की माझ्याकडे मिंट आहे मी येत नाही?

आणि कार्डाचंही ऐक, तुझ्या कार्डाच्या १० सिरीजला एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलंय, फक्त सिक्युरिटीचे येणार. लिनक्सवरही ५८० व्हर्जनच्या पुढे ह्या कार्डाला ड्रायव्हर नाही. म्हणजे तुझा पीसी फक्त मायक्रोसॉफ्टमुळे जुना झालेला नाहीये, सगळ्याच बाजूंनी वय झालंय त्याचं.

पीसीप्रेमी_ठाणे

खेळतो ना, रोज खेळतो. सीएस २ लिनक्सवर थेट चालतं, डोटा २ चालतं, एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन प्रोटॉनवर अशी चालते की विंडोज आठवत नाही. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणल्यापासून आणि २०२२ मध्ये त्यांचा हातात धरायचा स्टीम डेक आल्यापासून एकट्याने खेळायच्या गेमचा प्रश्न जवळजवळ मिटलाय. जे चालत नाही ते अँटीचीटमुळे, आणि तो त्या त्या कंपनीचा निर्णय आहे, मशीनची ताकद कमी पडते म्हणून नाही. आणि एक गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटरच्या मुळाशी बसणारं, पीसी चालू झाल्यापासून जागं राहणारं सॉफ्टवेअर मी घरात घेणार नाही, ज्या पीसीवर आईचं बँकेचं काम होतं तिथे तर नाहीच नाही.

रँकपुश

चीटर भरलेल्या लॉबीत खेळून बघ मग कळेल व्हॅनगार्ड का लागतं. सीएस मध्ये काय चाललंय ते तुलाही माहितीये.

वऱ्हाडी_कट्टा

मी तर अजून विंडोज ७ वर आहे राजेहो, अपडेट कधीच बंद करून टाकलेत, अँटीव्हायरस आहे, काही होत नाही. उगाच घाबरवतात.

सिस्टिमवाला

@वऱ्हाडी_कट्टा, विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला गेला, क्रोम १०९ व्हर्जनवर थांबलं, स्टीमनेही १ जानेवारी २०२४ पासून सोडून दिलं. "काही होत नाही" हे कळणार कसं, आजकालचं मालवेअर स्क्रीनवर कवटी दाखवत नाही, गुपचूप पासवर्ड उचलून नेतं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय आठवा. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारा पॅच मार्च २०१७ लाच आला होता, हल्ला झाला मे मध्ये, आणि मेले ते अपडेट न केलेले. पुढच्याच महिन्यात तसंच नॉटपेट्या नावाचं मालवेअर आलं, त्यात उरणजवळ जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरचे ट्रक अडकून पडले. तिथे पगारी आयटीवाले होते. घरी कोण आहे?

म्हणून धागाकर्त्याच्या मुद्द्यावर माझी भूमिका अशी की जुना पीसी ठेवा हे ठीक, पण "विंडोज १० वरच ठेवा" हा सल्ला धोक्याचा आहे. नेट काढून टाका म्हणणं सोपं आहे, पेनड्राइव्ह प्रेसमध्ये जाऊन येतो तेव्हा तिथलं काय काय घेऊन येतो ते डीटीपीवाल्यांना विचारा. ज्यांना विंडोज १० वर राहायचंय त्यांनी मायक्रोसॉफ्टचं वाढीव सिक्युरिटी अपडेट घ्यावं, सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडला की फुकट आहे, नाहीतर ३० डॉलर. पण ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, तोवर ठरवा. आणि रुफस हे टूल वापरून यादीत नसलेल्या पीसीवर विंडोज ११ चढवायचे व्हिडिओ बघून कामाच्या मशीनवर प्रयोग करू नका. चढतं, चालतंही, पण पुढची मोठी अपडेट स्वतः खटपट करून घालावी लागते आणि कुणी हमी देत नाही. विंडोज ११ ची २४एच२ ही मोठी अपडेट आली तेव्हा फार जुने प्रोसेसर बूटच होईनासे झाले.

अजून एक सांगतो जे कुणी उघड बोलत नाही. असेंबल केलेल्या कितीतरी पीसीवर दुकानदाराने क्रॅक केलेलं विंडोज टाकलेलं असतं, ॲक्टिव्हेटर चालवताना अँटीव्हायरस बंद करून. त्या लोकांसाठी मिंट हा शंभर टक्के चांगला मार्ग आहे, तिथे मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

हिशेबनीस

हिशेबाचं टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीचं टोकन लावलं की त्याचा ड्रायव्हर, मग सही करणारं एमसाइनर, मग ब्राउझर, ही साखळी विंडोजवर पण वीस तारखेला जीएसटी भरताना घाम फोडते, लिनक्सवर करत बसायला वेळ कुणाला आहे. घरून चार-पाच दुकानांचे हिशेब बघणाऱ्याला हे मिंटचं सांगू नका.

लेक_परदेशी

मी वेगळं बोलते. माझे आईबाबा कोल्हापूरला, मी जर्मनीत. भावाने तुमच्यासारखंच उत्साहाने लिनक्स टाकून दिलं आणि तो नोकरीला बंगळुरूला गेला. एक दिवस बाबांचा जुना लेझर प्रिंटर ओळखेना. त्यांनी कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याला बोलावलं, त्याने स्क्रीन बघितली आणि "हे काय टाकलंय, फॉरमॅट मारावं लागेल" म्हणून मोकळा झाला. बाबांचे सगळे फोटो त्यात. मी रात्री फोनवर दोन तास घालवून ते थांबवलं. सिस्टिम वाईट नव्हती हो, पण गावात ती येणारा माणूस नव्हता. विंडोज बिघडलं तर कुठल्याही गल्लीत दुरुस्त करणारा मिळतो. तुमच्या आईचं ठीक आहे कारण तुम्ही घरात आहात.

पीसीप्रेमी_ठाणे

@लेक_परदेशी, ह्या धाग्यातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि त्यावर माझ्याकडे झटपट उत्तर नाही. तरी एक सांगतो, तो रिपेअरवाला विंडोज असतं तरी फॉरमॅटच मारणार होता, त्यांचा पहिला उपाय तोच असतो. खरी गरज फोटोंच्या दुसऱ्या कॉपीची आहे, एक बाहेरची हार्डडिस्क घेऊन महिन्यातून एकदा कॉपी, सिस्टिम कुठलीही असो. आणि प्रिंटरचं म्हणाल तर काही जुन्या लेझरला लिनक्सचा धड ड्रायव्हर कंपनीनेच दिलेला नाही हे खरं आहे, म्हणून आधी तपासायचं. मिंट पेनड्राइव्हवरून न चढवताच चालवून बघता येतं, डिस्कला हात लागत नाही. त्यातच वायफाय, आवाज, प्रिंटर, वेबकॅम एकेक लावून बघा, एक पान मराठीत छापून बघा, मगच ठरवा. प्रिंटर अडला तर विंडोजवर राहा, त्यात कमीपणा काही नाही.

लेक_परदेशी

आणि ते पेनड्राइव्ह बनवून, बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम बदलून हे तपासणार कोण? माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत.

सिस्टिमवाला

@लेक_परदेशी, वडिलांचं काम फोटो, मेल आणि बँक एवढंच असेल आणि लिनक्स काढून परत विंडोज १० टाकलं तर त्याचं फुकटचं वाढीव अपडेट घ्या, तुम्ही दुरून स्क्रीन शेअर करूनही ते करून देऊ शकता. सेटिंग्ज, मग अपडेट अँड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट, तिथे नोंदणीची लिंक दिसते. आणि फोटोंचा बॅकअप ह्या आठवड्यातच घ्या, तो रिपेअरवाला परत यायच्या आधी.