नोड खोडायचा की काढायचा?

पांदण: लिनक्स कर्नेलमधल्या, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यातल्या, लाल-काळ्या झाडावर गावातल्या पोरांसाठी टिपण लिहितोय. हे झाड म्हणजे माहितीची फांद्यांसारखी मांडणी; तिचा एकेक कप्पा म्हणजे नोड, आणि झाडाचा तोल राहावा म्हणून प्रत्येक नोडला लाल किंवा काळा रंग. 'नोड डिलीट करणे' याला 'खोडणे' लिहिलं, तर बाबा म्हणाले, "खोडलेलं तं दिसते ना बाबू? वहीत काट मारली तरी अक्षर राह्यतेच." तिथलं 'आरबी_इरेज' हे फंक्शन नोड झाडापासून सोडवतं, मेमरी मात्र मोकळी करत नाही, ते काम ज्यानं फंक्शन बोलावलं त्याचं. मग शब्द कोणता?

उलंगवाडी: बाबांचं बरोबर आहे. काही ठिकाणी नोडवर फक्त खूण करून तो जागीच ठेवतात, त्याला 'खोडणे' शोभेल. इथं 'काढणे'.

जंबेरी: 'खोडणे' सोडू नका हो. मला तर तो खोडावरूनच आलेला वाटतो, म्हणजे झाडाचाच शब्द!

सरता: मग 'खोडी काढणे' यात झाड कुठं आलं, ताई? 'विलोपन' लिहा, अर्थ पक्का राहतो.

जंबेरी: विलोपन म्हटलं की माझ्या वर्गातली पोरं वही मिटतात. संत्र्याची सल काढतो, तेव्हा कोणी विलोपन म्हणतं का?

उलंगवाडी: सल म्हणजे वाळलेली काडी, ती काढली की काम संपलं. दोन लेकरांचा, म्हणजे खाली दोन नोड जोडलेला, नोड काढला तर उजव्या फांदीतला सगळ्यात लहान नोड त्या जागी आणावा लागतो. हे तर नांग्या भरणं झालं. माझी माय पऱ्हाटीच्या तासात जिथं बी उगवलं नाही तिथं बोटानं खड्डा करून दोन सरक्या टाकायची, वरून माती दाबायची.

पांदण: पण भाऊ, नांगीत नवीन बी पडतं. इथं झाडातलाच नोड उचलतात. त्यातला मजकूरही कॉपी करत नाहीत, अख्खा नोडच हलवतात. कारण बाहेरचे पॉइंटर, म्हणजे नोडचा पत्ता धरून असलेले दुवे, त्याच्याकडे बोट दाखवून असतात.

सरता: आमच्या घरी 'नांग्या' नाही, 'खाडे भरणं' म्हणतात.

उलंगवाडी: खाडा तर मजुराचा. कामावर आला नाही तो दिवस.

सरता: तेच तर! तासात झाड हजर नाही, तो खाडा.

पांदण: नोड काळा असला तर काढल्यावर झाडाचा तोल जाऊ शकतो, तो सावरायला जास्तीत जास्त तीन फिरक्या लागतात. 'रोटेशन'ला, म्हणजे नोड वर-खाली फिरवून जोडण्याला, 'फिरकी' चालेल का? आणि 'खोडणे'चं काय ठरलं?

जंबेरी: थांबा, दुधाच्या रतिबाचाही खाडाच म्हणतात ना?