थर सुटले तर तुकडा वाचला की वाया गेला?

ऐरण:
पोलादाचे वेगवेगळे पत्रे एकावर एक रचून रोलखाली दाबले की ताकद आणि तन्यता (न तुटता लांबायची क्षमता) दोन्ही एकदम मिळतात, असं हल्ली जो तो सांगतो. माझ्या मते दोन्ही मिळतात ती फक्त थरांमधला सांधा पक्का असेल तर. थर सुटला की माल बाद.

पत्रा ताणला की आधी सगळीकडे सारखा लांबतो, मग एका जागी बारीक होतो आणि तिथेच तुटतो. कडक पोलादात ही बारीक जागा फार लवकर धरते. पण त्याला दोन्ही अंगांनी मऊ, ताणताना कडक होत जाणारा थर घट्ट चिकटलेला असेल, तर तो त्याला एका जागी बारीक होऊच देत नाही. जपानमध्ये कोसेकी यांच्या गटाने पाणी दिलेलं मार्टेन्साइट (खूप कडक, ठिसूळ पोलाद) पातळ करून ऑस्टेनाइट स्टेनलेसच्या (मऊ, लांबणाऱ्या पोलादाच्या) थरांत बसवलं. एकटं ताणलं तर ते लगेच तुटतं, इथे मऊ थरांबरोबर लांबत गेलं. सांधा कच्चा असलेले नमुने मात्र लवकर गेले. याहून वेगळा पुरावा काय हवा?

लोहाराचा नातू:
ऐरणदादांशी सहमत. आजोबा कुऱ्हाडीच्या तोंडाला चीर पाडून आत पोलादाची पट्टी भरायचे, टाकणखार टाकायचे, आणि ठिणग्या उडायला लागेपर्यंत तापवून मगच घण. थंड झाल्यावर कुऱ्हाड टांगून हातोडीने टिचकी मारायचे. खणखणीत वाजली तर गिऱ्हाइकाला, ठक्क वाजली तर परत भट्टीत.

चार्पीवाला:
दोघांनीही ओढून तोडण्याचाच विचार केलाय. जरा आघाताकडे या. चार्पी चाचणी म्हणजे 10 मिमी चौरस तुकडा, 2 मिमी खाच, आणि खाचेच्या मागून झोक्याने येणारा हातोडा. खाच अशी पाडा की चीर एकेक थर ओलांडत आत जाईल. चिरेच्या टोकापुढे तिन्ही दिशांनी ताण असतो. तिथला सांधा थोडा कच्चा असेल तर तो आधीच उघडतो आणि चिरेचं टोक बोथट होतं. पुढच्या थरात तिला नव्याने जन्म घ्यावा लागतो. शेर्बी आणि वॉड्सवर्थ या धातुशास्त्रज्ञांनी जास्त कार्बनच्या पोलादाचे थर रचून हेच दाखवलं. असा तुकडा मी हातात धरलाय. पुस्तकासारखा उघडला होता, दोन भाग झाले नव्हते. तुमच्या हिशेबाने तो बाद. मी तर त्याच्या भरवशावर माणूस उभा करीन.

मऊपट्टी:
दोघंही सांध्यावर भांडताय, पण थर रचले म्हणून तन्यता येते हेच मला मान्य नाही. ओसाका विद्यापीठात 1990 च्या दशकाअखेर साइतो, त्सुजी यांनी शुद्ध अॅल्युमिनियमचा पत्रा दाबून निम्मा केला, कापला, तारेच्या ब्रशने घासला, रचून पुन्हा दाबला. अशा 10 फेऱ्यांत 1024 थर होतात! ताकद तिपटीवर गेली, पण लांबणं एक आकडी टक्क्यांवर घसरलं, कारण धातूचे कण (आतले स्फटिक) इतके बारीक झाले की ताणताना आणखी कडक व्हायला वावच उरला नाही.

आणि 2015 मध्ये चीनमध्ये वू आणि झू यांनी टायटॅनियममध्ये ताकद-तन्यता दोन्ही मिळवली, तेव्हा पत्रे रचलेच नव्हते. एकाच धातूत बारीक कणांच्या पट्ट्यांत मोठ्या कणांच्या मऊ पट्ट्या होत्या. सुटायला सांधाच नाही. महत्त्व कडक-मऊ शेजाराचं आहे, थरांच्या संख्येचं नाही.

ऐरण:
मऊपट्टी, शेजाराचा मुद्दा मी घेतला, अॅल्युमिनियमचं उदाहरण चोख आहे. पण पोलादाला अॅल्युमिनियम जोडायचं असेल तर सांधा टळत नाही, आणि तापला की मधे दोघांचं ठिसूळ संयुग वाढतं. तिथे काय करायचं?

चार्पीवाला, तुमची खाच थरांना आडवी आहे. तीच कडेने, थरांच्या रेषेत पाडा, म्हणजे चीर सांध्याच्या रेषेतूनच धावेल. मग तो उघडणारा सांधा तिला थांबवणार नाही, वाट करून देईल. गेल्या आठवड्यात मी एक पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवली. बाहेरून शाबूत होती. भिंगाखाली कडेला पाहिलं तर थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकले होते आणि मधे केसाएवढी काळी रेघ होती. ती पट्टी मी मालात जाऊ दिली नाही.

चार्पीवाला:
कडेच्या खाचेचं मान्य, तिथे मी हरतो. पण टाकीची भिंत, संरक्षक पत्रा यांना मार समोरूनच बसतो. त्या पट्टीचे दोन तुकडे उरले असतील तर एकाला समोरून खाच पाडा, दुसऱ्याला कडेने, आणि दोन्ही आकडे इथे टाका.