सात वर्षांचा मुलगा अजून चड्डीत शी करतो, काय करू?

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत. शूचा काही प्रॉब्लेम नाही पण शी चड्डीतच होते, रोज नाही पण आठवड्यातून बरेचदा, आणि तीही पूर्ण नसते, डाग पडल्यासारखं नाहीतर थोडं पातळ. विचारलं की म्हणतो मला कळलंच नाही. आम्हाला सगळ्यांना वास येतो मग त्याला कसा येत नाही? नीट शी चार-पाच दिवसांनी होते आणि ती एवढी मोठी नि कडक की फ्लश होत नाही. घरातले म्हणतात आळशीपणा आहे, दोन फटके दे. मला मारायचं नाहीये. काल कपाटामागे लपवलेली चड्डी सापडली, पोटात तुटलं अगदी. कुठल्या डॉक्टरकडे जाऊ?

निशिगंध२: ताई, फटके तर नकोच, आणि आळशीपणाही नाहीये हा. तुम्ही लिहिलंय त्यातच उत्तर आहे, चार-पाच दिवसांनी कडक शी, म्हणजे जुनं बद्धकोष्ठ. एकदा शी करताना दुखलं की मुलं धरून ठेवतात, कोपऱ्यात पाय आवळून उभी राहतात, आपल्याला वाटतं जोर लावतायत पण ती उलट थांबवत असतात. मग शी आत साचते, कडक होते, आतडं ताणलं जातं आणि ताणलेल्या आतड्याला लागल्याची जाणीवच नीट होत नाही. त्या घट्ट गोळ्याच्या बाजूने पातळ शी झिरपते, तेच डाग. म्हणून "कळलंच नाही" म्हणतो ते खरं असतं हो. वासाचं पण तसंच, सतत आपल्याच अंगाला असलेला वास नाकाला जाणवेनासा होतो. आधी बालरोगतज्ज्ञ गाठा, पोट तपासून ते सांगतील.

सहजच_आई: +१. आमच्या मुलीचं हेच होतं. आधी साचलेलं सगळं बाहेर काढायला औषधाचा मोठा डोस दिला (पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, पाण्यात कालवून), त्या दिवसांत चड्ड्या जास्तच खराब होतात तेव्हा सुट्टी बघून सुरू करा, नंतर कमी डोस कित्येक महिने. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका, ताणलेलं आतडं मूळ आकारात यायला वेळ लागतो. बरोबरीने जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटं कमोडवर बसवायचं, जेवणानंतर आतडं आपोआप हलतं म्हणून तेव्हाच. पाय लोंबकळत ठेवू नका, खाली पाट किंवा छोटं स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले की जोर नीट लागतो. आणि शाबासकी बसण्याची द्या, शी झाली की नाही त्याची नको. चड्डी खराब झाली तर काही न बोलता बदलायची, बास.

मधलीसुट्टी: शाळेतलं टॉयलेट कसं आहे ते पण विचारा त्याला. कडी लागत नाही, पाणी नसतं, मुलं दारावर थापा मारतात, अशा कारणांनी कितीतरी मुलं दिवसभर दाबून ठेवतात. बाईंशी बोलून मधेच जायची परवानगी घ्या, वर्गासमोर हात वर करून विचारायला लागू नये, आणि दप्तरात जादा चड्डी नि पिशवी ठेवा.

निशिगंध२: अजून एक राहिलं. शीतून रक्त, पोट फुगणं, उलट्या, वजन न वाढणं, पायात अशक्तपणा, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका, किंवा जन्मापासूनच बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाऊलवाट: विषय निघालाय म्हणून विचारते, माझा सहा वर्षांचा मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो, दिवसा काही नाही. हे पण त्यातलंच का?

निशिगंध२: फक्त रात्रीचं असेल तर सहसा वेगळं. पाचव्या वर्षी साधारण शंभरातली 15 मुलं रात्री अंथरुणात शू करतात, आई-वडिलांपैकी कुणाला लहानपणी असेल तर शक्यता जास्त, आणि बहुतेकांचं वयानुसार जातं. पण बद्धकोष्ठानेही मूत्राशयावर दाब येतो, त्यामुळे शी रोज होते का ते बघा. पूर्वी कोरडा झोपणारा मुलगा अचानक ओलं करायला लागला, खूप तहान लागते, वजन उतरतंय, असं काही असेल तर मात्र लगेच दाखवा, लघवी आणि साखर तपासायला लागते.

मूळ प्रश्नकर्ती: खूप बरं वाटलं वाचून, सगळ्यांना थँक्स. उद्याच अपॉइंटमेंट घेते. सासूबाईंना भीती की इतके महिने औषध दिलं तर सवय लागेल?

सहजच_आई: आमच्या डॉक्टरांनी सांगितलं या औषधाची सवय लागत नाही, ते फक्त आतड्यात पाणी धरून शी मऊ ठेवतं. कमी करायचं ते हळूहळू, डॉक्टरांना विचारूनच. सासूबाईंना सोबत घेऊन जा, त्यांच्यासमोरच विचारा.