उताराच्या प्लॉटवर साडेतीन मीटरची रिटेनिंग वॉल: एकच उंच बांधू की दोन टप्प्यांत?

उतारावरची

नमस्कार. आमचा प्लॉट चांगलाच उताराचा आहे. रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंत १८ मीटर लांबी, आणि तेवढ्यात साडेपाच मीटर चढ. घर मध्यावर बसवायचं तर मागची बाजू कापावी लागते आणि तिथे माती अडवायला साडेतीन मीटर उंचीची भिंत (रिटेनिंग वॉल) येते. वरच्या शेजाऱ्यांचं घर हद्दीपासून चार मीटरवर आहे.

ठेकेदार म्हणतात, दीड फूट जाडीची दगडी भिंत सिमेंटमध्ये बांधू, खालपासून वरपर्यंत सारखी, आणि मागे खोदाईतलीच माती भरू. पाण्यासाठी भोकं ठेवणार का विचारलं, तर म्हणाले की भोकांतून सगळं पाणी तुमच्याच अंगणात येईल, भिंत कायम ओली दिसेल, नकोच ते. माझ्या मिस्टरांचं म्हणणं आहे की दोन टप्पे करू, पावणेदोन मीटर खाली, पावणेदोन वर, आणि मध्ये दोन मीटरचा पट्टा झाडांसाठी. त्यात अंगणाची जागा जाते, म्हणून मन होत नाही.

मागे एक खड्डा घेऊन पाहिला. वर अर्धा मीटर मुरूम आणि खाली पिवळसर चिकट माती. मुठीत दाबली की बोटांचे ठसे तसेच राहतात. पुढच्या आठवड्यात जेसीबी येणार आहे. एकच भिंत पुरेल का? आणि घरासाठी इंजिनिअर आहेच, तर भिंतीसाठी वेगळं डिझाइन खरंच लागतं का?

गच्चीबाग

दोन टप्पे करा. आमच्याकडे तसेच आहेत, मधल्या पट्ट्यात झाडं छान वाढली आहेत, आणि एका उंच भिंतीखाली बसल्यासारखं वाटत नाही. हिशोब मला कळत नाही, तो जाणकार सांगतील.

ओळंबा

ताई, आधी एक विनंती. जेसीबी पुढे ढकला. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी ३१ वर्षं साइट सुपरवायझर होतो, त्यातली बरीचशी डोंगरउताराच्या कामांवर. डिझाइन करणारा मी नाही, पण भिंत टिकेल की नाही हे ढोबळमानाने ताडायचा हिशोब आम्हाला येतो. तोच मांडतो.

मातीचं वजन घनमीटरला साधारण १८ किलोन्यूटन धरा आणि चांगल्या, पाणी निथळणाऱ्या भरावाचा दाब तिच्या वजनाच्या एकतृतीयांश धरा. साडेतीन मीटर उंचीला, भिंतीच्या दर मीटर लांबीवर, आडवा रेटा सुमारे ३७ किलोन्यूटन येतो, म्हणजे पावणेचार टनांच्या आसपास. ही कोरड्या मातीची गोष्ट झाली. आता मागे पाणी वरपर्यंत साचलं तर नुसत्या पाण्याचाच रेटा ६० होतो, वर भिजलेल्या मातीचा २० च्या आसपास. दोन्ही मिळून आठ टन. दुपटीहून जास्त.

तुमच्या ठेकेदारांच्या दीड फुटी भिंतीचं स्वतःचं वजन मीटरला जेमतेम ३८ किलोन्यूटन भरतं. रेटा तळापासून एकतृतीयांश उंचीवर लागतो, म्हणून तो भिंतीला सुमारे ४३ किलोन्यूटन-मीटरने पुढे लोटतो. आणि भिंत आपल्या वजनाने त्याला विरोध करते साडेआठने. पाणी बाजूलाच ठेवा, ही भिंत कोरड्या मातीलाही पुरत नाही, तेही पाचपट फरकाने. दगडी भिंत वजनावर उभी राहते, सिमेंटच्या चिकटण्यावर नाही. साडेतीन मीटरला तळाची रुंदी पावणेदोन ते दोन मीटर लागते. आरसीसीची केली तर उभा भाग बारीक होतो, पण मातीखाली मागे जाणारी टाच तेवढीच लांब असते, कारण तिच्यावर बसलेली मातीच भिंतीला धरून ठेवते.

मग अशा दीड फुटी भिंती आजूबाजूला उभ्या दिसतात त्या कशा, असं ठेकेदार विचारतील. चिकट माती कापली की पहिले काही महिने ती स्वतःच उभी राहते, भिंतीवर भार येतच नाही. भिंत नुसती सोबतीला असते. पाणी मुरलं, माती फुगली आणि सैल झाली की त्या दिवशी खरा भार येतो.

पाण्याच्या भोकांबद्दल मात्र मला सविस्तर लिहू द्या, कारण हे मी स्वतः चुकलो आहे. नोकरीच्या सहाव्या वर्षी माझ्या देखरेखीत बांधलेली तीन मीटरची भिंत दुसऱ्या पावसात पडली. पावसाची झड लागून तिसरा दिवस होता. संध्याकाळी मी भिंत पाहायला गेलो, एका पाइपात बोट घातलं, तर आत कोरडं. दुसऱ्यात घातलं, तेही कोरडं. मला बरं वाटलं, मागे पाणीच नाही म्हणून. त्या पाइपापासून हातभर अंतरावर दगडांच्या सांध्यातून घाम फुटल्यासारखं पाणी झिरपत होतं आणि मी ते पुसूनही पाहिलं, पण डोक्यात प्रकाश पडला नाही. रात्री दहा मीटरचा तुकडा आडवा झाला. कोणी खाली नव्हतं, हे नशीब. सकाळी ढिगाऱ्यातून पाइप उचलले, तर प्रत्येकाच्या मागच्या तोंडाला मातीचा गच्च बूच बसलेला. पाइप होते, पण त्यांच्यामागे खडी नव्हती, सरळ चिकट माती लावली होती. मोजमाप पुस्तकावर सही माझी होती.

म्हणून तुम्हाला सांगतो, भोकं ठेवायचीच. ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप, दीड-दीड मीटरवर, वरच्या ओळीतले खालच्या दोघांच्या मधोमध, थोडा उतार बाहेरच्या बाजूला. पण नुसती भोकं हे अर्धंच काम आहे. भिंतीच्या पाठीला सगळ्या उंचीभर निदान ३०० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर हवा, आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे बारीक माती खडीत शिरत नाही. तळाला भोकांचा पाइप आडवा टाकायचा, कापडात गुंडाळलेल्या खडीत, आणि त्याचं तोंड प्लॉटच्या कडेने गटारापर्यंत न्यायचं. पाणी अंगणात येईल ही ठेकेदारांची भीती या पाइपाने जाते. सगळ्यात वर ३०० मिलिमीटर चिकट मातीचं झाकण आणि भिंतीच्या डोक्यामागे एक चर, म्हणजे वरून वाहत येणारं पाणी आत मुरण्याआधीच बाजूला जातं.

तुमची पिवळी माती भरावाला वापरू नका. झाकणापुरती ठेवा, बाकी बाहेर जाऊ द्या.

डिझाइन लागतंच. शेजाऱ्यांचं घर चार मीटरवर म्हणजे भिंतीच्या उंचीएवढ्याच अंतरावर आहे. त्यांच्या पायाखालची माती तुमच्या कापण्याने हलू शकते. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, मातीची तपासणी हातात घेऊन.

उतारावरची

काका, वाचून रात्री झोप लागली नाही, पण बरं झालं तुम्ही लिहिलंत. जेसीबीवाल्यांना थांबायला सांगितलं. दोन टप्प्यांचं काय? तुमच्याच हिशोबाने ते सोपं पडायला हवं ना?

ओळंबा

पडतं, पण अट आहे. उंची निम्मी झाली की रेटा चौथा हिस्सा होतो आणि लोटणारा जोर आठवा हिस्सा. त्यामुळे पावणेदोन मीटरची भिंत खूपच हलकी पडते. मात्र वरची भिंत खालच्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट मागे हवी. तुमच्यासाठी साडेतीन मीटर. दोन मीटरच्या पट्ट्यात वरची भिंत आपला भार खालच्या भिंतीच्या पाठीवरच टाकते. तसं करता येतं, पण मग खालची भिंत त्या भाराला धरून डिझाइन करावी लागते आणि दोन्ही भिंती पोटात घेऊन अख्खा उतारच घसरेल का हेही तपासावं लागतं. इंजिनिअरला हे दोन प्रश्न याच शब्दांत विचारा.

आणि मधल्या पट्ट्यात पाण्याची टाकी ठेवायचा मोह टाळा. ५,००० लिटर म्हणजे पाच टन, तेही नेमके भिंतीच्या डोक्याशी. झाडं लावाल तर ठिबकने पाणी द्या, पाइप सोडून जाऊ नका.

दगडजाळी

आम्ही गॅबियन केलं, तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून. पाणी आपोआप निघून जातं. मला वाटतं ताईंना हेच सोपं.

ओळंबा

पाण्याच्या बाबतीत गॅबियन चांगलंच, आणि जमीन थोडी बसली तरी ते सावरून घेतं. पण तेही वजनावरच उभं असतं, म्हणून तळाला रुंदी लागते, साडेतीन मीटरला दोन मीटरच्या आसपास. मागे जिओटेक्स्टाइल तिथेही हवंच, नाहीतर माती दगडांतून वाहून येते. ताईंच्याकडे ती रुंदी घरातून कापावी लागेल, तेव्हा नकाशावर आखून पाहा आणि मग ठरवा.

उतारावरची

इंजिनिअर येऊन गेले. दोन टप्पेच सांगताहेत, आरसीसीचे, अंतर तीन मीटर. खालची भिंत वरच्या भिंतीचा भार धरून थोडी जाड आहे आणि अख्ख्या उताराची घसरणही त्यांनी तपासली आहे. घर अर्धा मीटर पुढे सरकतंय, अंगण गेलं तर गेलं. खोदाईबद्दल काही सांगाल का?

ओळंबा

ताई, हे वाचून फार बरं वाटलं.

अख्खी रांग एका दमात कापू देऊ नका. दोन-तीन मीटरचे तुकडे पाडा, एक सोडून एक कापा, तिथली भिंत उभी राहून मागचा भराव झाला की मग मधला तुकडा. कापलेल्या उभ्या मातीखाली कोणीही बसायचं नाही, जेवायला तर मुळीच नाही. दुपारच्या सुट्टीत सावली म्हणून मजूर नेमके तिथेच टेकतात. तुम्ही स्वतः जाऊन उठवा.

सळई बांधून झाली की काँक्रीट ओतायच्या आधी इंजिनिअरना बोलवा. भिंतीच्या उभ्या भागाची मुख्य सळई मातीच्या बाजूला असते, कारण ताण तिथे येतो. दर्शनी बाजूला बांधलेली मी दोनदा पाहिली आहे, आणि काँक्रीट ओतल्यावर ती चूक कोणालाच दिसत नाही. भराव १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी, भिंतीजवळच्या मीटरभरात हाताने चालवायच्या छोट्या यंत्राने दाबून. मोठा रोलर तिथे नको.

तळाचा पाइप खडीने झाकण्याआधी त्याच्या वरच्या टोकात दोन बादल्या पाणी ओता आणि खालच्या तोंडाशी कोणाला तरी उभं करा. पाणी गढूळ न होता सरळ बाहेर आलं, की मगच खडी टाकायला सांगा.