फुलोऱ्यातल्या गांजावर स्टिंक बग: निंबोळी तेल फवारू की नको?

प्रेषक: मंजिरी

मंडळी,
स्टिंक बग, म्हणजे ते घाण वासाचे, झाडाचा रस शोषणारे ढेकूण, परत आलेत. या वेळी टोमॅटो सोडून थेट गांजाच्या झाडांवर. दोन्ही झाडं फुलोऱ्यात आहेत, कळ्या आत्ता कुठे भरायला लागल्यात, काढणीला तीनेक आठवडे तरी जातील. पानाच्या मागे फिकट हिरव्या अंड्यांचा पुंजकाही दिसला. मोगऱ्यावर मावा पडला होता तेव्हाचं निंबोळी तेल शिल्लक आहे. तेच फवारून टाकू का? आज ऊन उतरल्यावर वेळ आहे, उद्यापासून पाऊस सांगितलाय. लवकर कळवा.
— मंजिरी

प्रेषक: अविनाश

मंजिरी, बिनधास्त फवार. लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली तेल, थोडा साबण, आणि फवारता फवारता पंप हलवत राहायचं, नाहीतर तेल वर तरंगतं. दिवेलागणीलाच कर, त्यातलं कीडनाशक द्रव्य अ‍ॅझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही.
आमच्या घरी तुरीवर शेंगांचे ढेकूण आले की वडील ५ टक्के निंबोळी अर्क करायचे. ५ किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळून १०० लिटर पाणी करायचं. गाळायचं काम आम्हा भावंडांकडे, हाताचा कडूपणा जेवणापर्यंत जायचा नाही. कीड जागच्या जागी मरत नाही, पण खाणं सोडते आणि पिल्लांना कात टाकता येत नाही. धीर धरला की गुण येतो.
अविनाश

प्रेषक: शुभदा

मंजिरी, फवारू नकोस. पंप भरला असशील तर रिकामा कर.
अविनाश, तुमचं प्रमाण बरोबर, वेळही बरोबर. पण तूर शेंगेत असते, शेंग सोलून आपण आतला दाणा घेतो. इथे कळीच पीक आहे. तिच्यावर चिकट ग्रंथींचं दाट आवरण असतं, त्यावर तेल बसलं की ते पावसानेही जात नाही आणि धुऊनही जात नाही. ते जळून किंवा वाफ होऊन माणसाच्या फुप्फुसात जाणार. पोटात गेलेलं चालतं म्हणून छातीत गेलेलंही चालेल असं धरून चालता येत नाही. झाड कोवळं असताना, फुलोरा धरायच्या बराच आधी, निंबोळीला माझी हरकत नाही. आता आहे.
दुसरं म्हणजे आधी कीड ओळख. तपकिरी, ढालीच्या आकाराचा, मिशांवर पांढरे पट्टे, पाठीच्या कडेला गडद-फिकट चौकडी आणि खांदे गोलसर, तर तो तपकिरी मार्मोरेटेड स्टिंक बग, हॅलिओमॉर्फा हॅलिस. मूळचा चीन, जपान, कोरियाकडचा, आता बऱ्याच खंडांत पसरलेला. खांदे काट्यासारखे टोकदार आणि सोंड जाडजूड असेल तर तो शिकारी ढेकूण असण्याची शक्यता जास्त. तो अळ्या मारून खातो, त्याला हात लावू नकोस. अंड्यांवरूनही कळतं. हॅलिओमॉर्फाची अंडी गुळगुळीत, पिंपाच्या आकाराची, एका पुंजक्यात साधारण २८. शिकारी ढेकणाच्या अंड्यांना वरून लांब केसांची झालर असते.
तुझा पुंजका गुळगुळीत असेल तर ते पानच तोडून साबणाच्या पाण्यात टाक, आज. उबेच्या दिवसांत चार-पाच दिवसांत पिल्लं निघतात. निघाल्यावर ती थोडा काळ टरफलांवरच बसून राहतात, कारण आईने अंड्यांवर लावलेले जिवाणू त्यांना चोखून घ्यायचे असतात, त्याशिवाय ती नीट वाढत नाहीत. तोवर सगळी एका पानावर सापडतात. एकदा पांगली की झाडभर शोधत बसावं लागतं. पुंजक्यातली अंडी काळी पडली असतील तर मात्र राहू दे. त्यात बहुधा ट्रिसॉल्कस जातीची गांधीलमाशी वाढतेय. नावाला गांधीलमाशी, लांबी जेमतेम १-२ मिलिमीटर, माणसाला चावत नाही.
— शुभदा

प्रेषक: नितीन

शुभदाताईंनी जाळीचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. जाळी घाल. काकडी-भोपळ्याला जाळी घातली की मधमाशी आत येत नाही आणि फळ धरत नाही. इथे ती अडचणच नाही. गांजाचं परागण वाऱ्यावर होतं, आणि आपल्याला तर मादी झाडाला बी धरायलाच नको असतं. इतकं निर्धास्तपणे झाकता येईल असं झाड बागेत दुसरं नाही.
नितीन

प्रेषक: गिरीश

सर्वांना नमस्कार. समन्वयक म्हणून एक विनंती. ही मंडळाची मुख्य ईमेल यादी आहे, बागकामाची वेगळी यादी आपण मुद्दाम केली ती याचसाठी. इथे शाळेतली मुलंही कार्यक्रमांच्या तारखांसाठी सदस्य आहेत. शिवाय घरी गांजा लावायला सगळीकडे परवानगी नाही, जिथे आहे तिथेही झाडांची संख्या आणि जागा ठरवून दिलेली असते. धागा तिकडे न्यावा.
गिरीश

प्रेषक: रोहिणी

गिरीश, मुलांचा मुद्दा मला पटतो, पण बागकामाच्या यादीवर शुभदाताई नाहीत आणि नितीनही नाही. तिकडे नेला तर मंजिरीला उत्तर कोण देणार? विषय कायदेशीर चौकटीत राहील एवढं आपण सगळे पाहू.
मंजिरी, आमच्याकडे गुलाबाच्या भुरीचं औषध आहे, शेजारी म्हणतात सगळ्यावर चालतं. हवं असेल तर आणून देते.
रोहिणी

प्रेषक: शुभदा

रोहिणी, कृपा करून देऊ नकोस. गुलाबाची कित्येक औषधं बुरशीनाशकं असतात, ढेकणावर त्यांचा काही उपयोग नाही. त्यातल्या काहींत मायक्लोब्युटॅनिल नावाचं बुरशीनाशक असतं आणि ते तापलं की हायड्रोजन सायनाइड वायू बाहेर पडतो. गुलाब कोणी जाळून हुंगत नाही म्हणून तिथे ते चालतं. बाटलीवरचा घटक वाच आणि ती या झाडांपासून लांब ठेव.
गिरीश, धागा हलवायचा असेल तर हलवा, पण हा निरोप मुख्य यादीवर राहू द्या. गुलाबाचं औषध बऱ्याच घरांत असतं.
— शुभदा

प्रेषक: अविनाश

शुभदा, मुद्दा मान्य नाही असं नाही, पण मग या बाईने करायचं काय? हाताने वेचून कीड आटोक्यात येते हे शेतकऱ्याला सांगून पाहा. आणि साबणाचं पाणी नुसतं फवारलं तर? पायरेथ्रिन, ते फुलांपासूनचं कीटकनाशक? डायटोमेशियस अर्थ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्मांची पावडर? सगळ्यालाच नाही म्हणत गेलं तर झाड किड्यांना देऊन टाकल्यासारखं आहे.
अविनाश

प्रेषक: शुभदा

अविनाश, एकर असता तर मीही वेचा म्हटलं नसतं. दोन झाडं आहेत.
कीटकनाशक साबण फक्त अंगावर पडला तर काम करतो आणि तोही लहान पिल्लांवर. प्रौढाच्या जाड कवचावर त्याचा फारसा परिणाम नाही. भांड्यांचा साबण तर पानंच करपवू शकतो. पायरेथ्रिनने प्रौढ उताणा पडतो खरा, पण पायरेथ्रॉइड गटातल्या (पायरेथ्रिनसारख्याच, पण कारखान्यात बनवलेल्या) औषधांखाली पडलेले बरेचसे हॅलिओमॉर्फा काही वेळाने उठून चालायला लागतात. मधमाश्या मरतात त्या वेगळ्याच. डायटोमेशियस पावडर कोरडी असेपर्यंतच चालते, मंजिरीकडे पाऊस येतोय. आणि ती कळीत अडकली की छातीतच जाणार.
उरतं ते वेचणंच, आणि ते नीट केलं तर पुरतं. भल्या सकाळी, गारव्यात, ढेकूण सुस्त असतो. रुंद तोंडाच्या बरणीत साबणाचं पाणी घ्यायचं, ती कीटकाच्या खाली धरायची आणि वरून बोट दाखवायचं. धोका वाटला की तो उडण्याआधी खाली टपकतो, सरळ बरणीत. बोटांनी चिरडायचं नाही, वास कळीला लागतो.
नुकसानाबद्दलही थोडं. हा कीटक सोंड खुपसून रस शोषतो आणि त्याला सगळ्यांत जास्त हवं असतं ते भरत आलेलं बी. बी नसलेल्या मादी झाडावर त्याला तेवढं मिळत नाही, म्हणून टोमॅटो किंवा शेंगांइतकी नासाडी इथे होत नाही. कळीच्या आतून तपकिरी पडून पान सहज उपसून येत असेल तर तो ढेकूण नव्हे. ती अळी असते नाहीतर राखाडी बुरशी. ते आधी तपास, मंजिरी.
— शुभदा

प्रेषक: मंजिरी

फवारलं नाही. मिशांवर पट्टे आहेत, खांदे गोल. अंड्यांचं पान तोडलं. कळ्या उघडून पाहिल्या, आतून हिरव्या आहेत. शुभदाताई, मनावरचा भार उतरला.
आता जाळीचं ठरवायचंय. घरात मच्छरदाणी आहे, ती चालेल?
— मंजिरी

प्रेषक: शुभदा

मच्छरदाणी नको. पावसात आत ओल कोंडते आणि राखाडी बुरशीला तेच हवं असतं. ढेकणाने थोडं शोषलेलं झाड काढणीपर्यंत जातं, बुरशी मात्र दोन ओल्या रात्रींत आख्खी कळी खाते. मी तर जाळीच नको म्हणेन.
— शुभदा

प्रेषक: नितीन

ताई, इथे मी वाद घालणार. मच्छरदाणी नको हे खरं, पण प्रौढ ढेकूण साधारण दीड सेंटिमीटर लांब असतो. २-३ मिलिमीटर छिद्राच्या बागेच्या जाळीतून तो शिरत नाही आणि वारा खेळतो. जाळी झाडाला टेकवायची नाही, काठ्या रोवून फांद्यांपासून वीतभर लांब ताणायची, खालची कड मातीत दाबायची. माझ्याकडे दर हंगामात अशीच असते, बुरशी जाळीबाहेरच्या झाडाइतकीच. फक्त झाकण्याआधी पानन् पान उलटून पाहायचं, अंडी आत राहिली तर आपणच त्यांना कोंडून पोसतो.
आणि कोणी कामगंध सापळा सुचवायच्या आत सांगतो: झाडाजवळ लावू नका. तो आसपासचे ढेकूण बोलावून आणतो आणि सगळे सापळ्यात जात नाहीत, बाजूच्या झाडावर बसतात.
नितीन

प्रेषक: शुभदा

काठ्यांवर ताणलेली, वीतभर लांब, एवढ्या मोठ्या छिद्राची असेल तर माझी हरकत मागे. पाऊस थांबला की जाळी उचलून झाड हलकेच झटकायचं, पाणी साचू द्यायचं नाही.
— शुभदा

प्रेषक: गिरीश

जाळी लावा, पण विषयाच्या ओळीत यापुढे "बागकाम" लिहा म्हणजे ज्यांना नको त्यांना गाळता येईल. रोहिणी, शुभदाताईंना बागकामाच्या यादीवर मी आज घेतो, नितीनलाही. तो प्रश्न तरी मिटला.
गिरीश

प्रेषक: अविनाश

मंजिरी, तेलाची बाटली मोगऱ्यासाठी ठेव, थंड अंधारात. पुढच्या वर्षी झाड वीतभर असतानाच फवारू, फुलोऱ्याच्या आत थांबू. बागेच्या कडेला सूर्यफूल किंवा ज्वारी लाव. ढेकूण आधी तिकडे जातात, तिथेच वेचायचे. याला शुभदाचीही ना नसावी.
अविनाश

प्रेषक: शुभदा

ना नाही, उत्तम आहे. सूर्यफुलाला बी भरायच्या वेळी रोज फेरी मारायची, नाहीतर तिथेच पिढी वाढेल.
मंजिरी, काढणीचं आत्ताच सांगून ठेवते. दिवस लहान व्हायला लागले की हे झाड फुलोऱ्यावर येतं, आणि त्याच सुमाराला हा कीटक थंडीसाठी सांदीकोपरा शोधायला लागतो. दाट कळ्यांत तो हमखास बसलेला असतो. फांद्या सकाळी काप, पांढऱ्या चादरीवर उलट्या धरून झटक, कळ्यांची जोडणी डोळ्यांनी पाहा, मगच वाळवायला टांग. वाळवणीच्या खोलीत खिडकीच्या फटी बुजव. एखादा आत दिसलाच तर चिरडू नकोस, बरणी धर. त्याच्या वासातले आल्डिहाइड कोथिंबिरीच्या वासाच्या कुळातलेच आहेत, आणि बंद खोलीत ते आठवडाभर घाम गाळून वाळवलेल्या कळ्यांना लागायला नकोत.
— शुभदा

प्रेषक: मंजिरी

चादर काढून ठेवली. नितीन, जाळी कापायला जाड कात्री आहे का तुझ्याकडे?
— मंजिरी